रुपेरी पडद्यावरील एकान्त

सहकुटुंब चित्रपट पाहण्याचा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं नित्याचा आहे. पूर्वीं त्यासाठीं मुद्दाम कपडे करून चित्रगृहांत जावें लागे. आतां पडदा बैठकीच्या खोलींतच येऊन बसला आहे. नायक-नायिका एकमेकांच्या फार जवळ येऊं लागलीं म्हणजे त्या खोलींत काय घडतें, हें सर्वांच्या परिचयाचें आहे. आजोबांस अकस्मात् चष्मा पुसण्याची आठवण होते, आई दुधाखालचा गॅस बंद केला कीं नाहीं हें पाहण्यास उठते, आणि मुलें एकमेकांच्या तोंडाकडे न पाहण्याची खबरदारी घेतात. दृश्य सरलें कीं सर्वजण पुनः पूर्ववत् बोलूं लागतात. हा संकोच निरुपद्रवी आहे. त्यांत कोणाचा तिरस्कार नाहीं.

परंतु पडद्यावर जवळ येणारीं तीं दोन माणसें जर दोन पुरुष असतील, किंवा दोन स्त्रिया असतील, तर खोलींत पसरणारी शांतता निराळी असते. त्या वेळीं दुधाची आठवण कोणास होत नाहीं. कोणी नाक मुरडतें, कोणी एखादा शेरा मारतें, आणि कोणी ‘हें काय चालविलें आहे!’ असें म्हणून चित्रपटच बदलून टाकतें. पहिल्या शांततेंत आपण स्वतः लाजत असतों. दुसरींत आपण दुसऱ्या कोणास तरी लाजवीत असतों. हा फरक कोठून उत्पन्न झाला, आणि समलिंगी प्रेमिकांची जवळीक पडद्यावर दाखवावी कीं नाहीं, दाखवावी तर कोणत्या रीतीनें, याचा विचार आज करण्याचें आम्ही योजिलें आहे.

अशा दर्शनास विरोध करणारांचें म्हणणें थोडक्यांत पुढीलप्रमाणें असतें. एकान्तांतील गोष्ट चव्हाट्यावर आणूं नये; ही गोष्ट आपल्या परंपरेंत बसणारी नाहीं; आणि मुलांच्या मनावर तिचा अनिष्ट परिणाम होतो. पैकीं पहिला आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. किंबहुना या संबंध प्रश्नाचें मर्म त्यांतच आहे.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत शयन, चुंबन, आलिंगन इत्यादि गोष्टी रंगभूमीवर दाखवूं नयेत असा दंडक घालून दिला आहे. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या कृत्यांस त्यांनीं येथें पाप म्हटलेलें नाहीं. त्यांनीं कारण दिलें आहे तें असें, कीं नाटक हें पिता, पुत्र, सून, सासू अशीं माणसें एकत्र बसून पाहतात. म्हणजे आमच्या बैठकीच्या खोलींतील अडचण भरतमुनींस पूर्णपणें ठाऊक होती! ती अडचण प्रेम करणारांच्या ठिकाणीं नसून पाहणारांच्या परस्पर नात्यांत आहे, हेंही त्यांस ठाऊक होतें. पुढें आनंदवर्धनांनीं ध्वन्यालोकांत श्रेष्ठ देवतांच्या शृंगाराचा प्रश्न काढला. तसें वर्णन अनुचित खरें. तथापि कुमारसंभवांतील तें अनौचित्य कालिदासाच्या प्रतिभासामर्थ्यामुळें वाचकास जाणवत नाहीं, असा त्यांनीं निर्वाळा दिला. सारांश, आमच्या साहित्यशास्त्रानें या बाबतींत जें माप वापरलें तें औचित्याचें होय. कोण पाहात आहे, कोणत्या भावानें दाखविलें आहे आणि दाखविणाराचा अधिकार काय, हे प्रश्न त्यानें विचारले.

हें माप सर्वांस सारखें लावणारा गृहस्थ कोणी भेटला तर त्याच्याशीं आमचें फारसें भांडण नाहीं. ‘स्त्रीपुरुषांचेंही नको, आणि यांचेंही नको’ असें तो म्हणेल, आणि त्याच्या निष्ठेचा आम्ही आदर करूं. परंतु वस्तुस्थिति तशी आहे काय? बायकी हावभाव करणारा पुरुष हें आमच्या चित्रपटांतील हास्याचें एक ठरीव साधन वर्षानुवर्षें होऊन बसलें होतें. तो मुरका मारून चालला कीं सारें घर पोट धरून हंसे. त्या वेळीं कोणास संस्कृतीची चिंता वाटली नाहीं, कीं मुलांच्या मनाची काळजी वाटली नाहीं. यावरून एक गोष्ट उघड होते. अशा माणसाचें पडद्यावर येणें आपणांस कधींच खुपलें नव्हतें. त्याची थट्टा आपणांस चालत होती; त्यानें कोणावर जीव लावलेला मात्र चालत नव्हता.

परंपरेच्या आक्षेपाविषयीं येथेंच दोन शब्द सांगून टाकतों. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस झालेल्या संयुक्त ‘मानापमाना’ची कथा महाराष्ट्रांत अजून सांगितली जाते. केशवराव भोसले धैर्यधर झाले होते आणि बालगंधर्व भामिनी. प्रेक्षकांपैकीं प्रत्येकास ठाऊक होतें कीं हे दोघेही पुरुष आहेत. तरी त्या प्रणयांत ते रंगून गेले. यावरून आमच्या आजोबा-पणजोबांनीं समलिंगी प्रेमास मान्यता दिली होती असा निष्कर्ष काढणें हास्यास्पद होईल, आणि तसा तो आम्ही काढीतही नाहीं. त्यांनीं पाहिलेला प्रणय स्त्रीपुरुषांचाच होता. परंतु डोळ्यांस काय खटकावें आणि काय खटकूं नये हें डोळे घेऊन जन्मास येत नाहींत, तें त्यांस संवयीनें शिकविलें जातें, एवढें तरी यावरून दिसून येतें. प्रत्यक्ष विषयासही मराठी रंगभूमीनें १९८१ सालींच हात घातला होता. विजय तेंडुलकरांचें ‘मित्राची गोष्ट’ हें नाटक एका स्त्रीच्या दुसऱ्या स्त्रीवरील अनुरागासंबंधीं आहे. पुढच्याच वर्षीं आलेल्या जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’ या चित्रपटांत महिलाश्रमांतील दोन स्त्रियांच्या संबंधाचा प्रसंग आहे. मात्र तो येतो संस्थेपुढील एक अडचण म्हणून.

आतां कोणी म्हणेल, दाखविल्यानें वाद होतो, तर मुळींच न दाखविणें हा सर्वांत निर्धोक मार्ग नव्हे काय? या मार्गाचा अनुभव पाश्चात्यांनीं आमच्यापूर्वीं घेतला आहे. १९१९ सालीं जर्मनींत रिचर्ड ऑस्वाल्ड यांनीं ‘इतरांहून निराळा’ अशा अर्थाच्या नांवाचा एक मूकपट काढला. तेथील दंडसंहितेचें १७५ वें कलम पुरुषांमधील अशा संबंधांस गुन्हा ठरवीत होतें, आणि त्याचा धाक दाखवून पैसे उकळणाऱ्या एका इसमामुळें एका व्हायोलिनवादकाचा नाश कसा होतो, हें त्यांत दाखविलें होतें. डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांचें त्यास साहाय्य होतें. पुढच्याच वर्षीं त्याच्या सार्वजनिक प्रदर्शनास बंदी झाली, आणि नाझी राजवटीनंतर त्याचे केवळ तुकडे शिल्लक राहिले. अमेरिकेंत १९३० सालीं चित्रपटांसाठीं एक आचारसंहिता तयार झाली. १९३४ पासून ती कडक रीतीनें अमलांत आली, आणि समलिंगी प्रेमाचा नुसता ध्वनिही तिनें वर्ज्य केला. लिलियन हेलमन यांचें त्याच वर्षींचें एक नाटक दोन शिक्षिकांवर एका विद्यार्थिनीनें घेतलेल्या अशा आळावर रचलेलें होतें. विल्यम वायलर यांनीं १९३६ सालीं त्याचा चित्रपट केला तेव्हां तो आळ बदलून एका पुरुषाविषयींच्या संशयाचा करावा लागला! १९६१ सालीं त्याच दिग्दर्शकानें तेंच नाटक मूळ रूपांत पुनः पडद्यावर आणलें. या वेळीं त्या दोघींपैकीं एकीस आपल्या मनांतील प्रेम उमगतें, आणि ती गळफास लावून घेते.

पंचवीस वर्षांत झालेली प्रगति ती एवढीच! प्रेम दाखवावयाचें नाहीं असा निर्बंध घातल्यानें त्या माणसांच्या कथा थांबल्या नाहींत. त्यांतील माया तेवढी वगळली गेली, आणि विष, गळफास व बदनामी एवढेंच शिल्लक राहिलें. अशा प्रेमाचा शेवट मृत्यूंतच व्हावयाचा, ही समजूत प्रेक्षकांच्या दोन-तीन पिढ्यांनीं चित्रगृहांतून घरीं नेली. आणि त्या प्रेक्षकांत तशा स्वभावाचीं माणसेंही बसलेलीं होतीं, हें विसरून चालणार नाहीं.

यानंतर ज्या प्रकरणाकडे आम्ही वळणार आहों तें मराठी वाचकांस दूरचें वाटूं नये. प्राध्यापक रामचंद्र सिरस हे अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठांत मराठीचे अध्यापक होते. ते कवि होते. त्यांच्या ‘पायाखालची हिरवळ’ या काव्यसंग्रहास महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. मराठी मुलखापासून इतक्या दूर राहून त्यांनीं अनेक वर्षें आपली भाषा शिकविली. निवृत्तीस कांहीं महिनेच उरले असतां, फेब्रुवारी २०१० मध्यें, एके रात्रीं कांहीं माणसें कॅमेरा घेऊन त्यांच्या घरांत घुसलीं. प्राध्यापक त्या वेळीं आपल्या मित्रासह होते. त्या स्थितींत त्यांचें चित्रण करण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं विद्यापीठानें निलंबित केलें तें प्राध्यापकांस. दार ओलांडून आलेल्यांचा गुन्हा जणुं गुन्हाच नव्हता. १ एप्रिल रोजीं अलाहाबाद उच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें आदेश दिला. ७ एप्रिल रोजीं ते आपल्या भाड्याच्या घरांत मृतावस्थेंत आढळले.

या घटनेवर हंसल मेहता यांनीं ‘अलीगढ’ हा चित्रपट केला. तो २०१६ सालीं आपल्याकडे प्रदर्शित झाला. सिरस यांची भूमिका मनोज बाजपेयी यांनीं केली आहे. येथें दिग्दर्शकापुढें केवढा नैतिक पेंच उभा होता, याची वाचकांनीं कल्पना करावी. ज्या माणसाचा नाश एका कॅमेऱ्यानें झाला, त्याची कथा सांगावयास हातांत साधन तरी कोणतें? दुसरा कॅमेराच! तो आंत नेला तर आपणही त्या घुसखोरांच्या पंक्तीस बसणार. न नेला तर त्या रात्रीं तेथें जें होतें तें जणुं कांहीं तरी हिडीसच होतें असा समज कायम राहणार.

दिग्दर्शकानें जें केलें तें असें. आरंभीं कॅमेरा रस्त्यावर, घराबाहेर, थंडींत उभा राहतो. सायकलरिक्षा येते, दोघे आंत जातात, खिडकींत दिवा दिसतो. नंतर आणखी माणसें आंत जातांना दिसतात. आपण बाहेरच राहतों. त्या रात्रीं खोलींत काय होतें तें पुढें टप्प्याटप्प्यानें कळतें, आणि जेव्हां दिसतें तेव्हां दोन माणसांमधील साधी आपुलकी दिसते. त्याहून अधिक वेळ चित्रपट दुसऱ्याच एका एकान्तास देतो. प्राध्यापक हातांत पेला घेऊन, डोळे मिटून, लता मंगेशकरांचें जुनें गाणें ऐकत बसले आहेत, आणि कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यासमोर निश्चल आहे. त्या दृश्यांत शरीरसंबंधाचें नांव नाहीं. तरी या माणसाच्या अंतरंगांत आपणांस प्रवेश मिळाला असें वाटतें. आणि इतक्या संयमी कृतीच्याही जाहिरातपटास परीक्षण मंडळानें केवळ प्रौढांसाठीं असल्याचें प्रमाणपत्र दिलें!

आमच्या मतें प्रश्नाची किल्ली येथें सांपडते. किती दाखविलें, वस्त्र कोठवर होतें, चुंबन किती क्षण चाललें, या मोजमापांत आजवर पुष्कळ शाई खर्ची पडली. खरा प्रश्न असा आहे कीं, पाहणारास त्या खोलींत कोणत्या नात्यानें नेलें? घरीं पाहुणाही येतो आणि चोरही येतो. दोघांसही तेंच घर दिसतें. परंतु पाहुणा दार ठोठावतो, यजमान उठून कडी काढतो, आणि मग जें दाखविलें जाईल तेवढेंच पाहून पाहुणा संतुष्ट असतो. प्रेक्षकास पाहुणा करणारें दृश्य बरेंच कांहीं दाखवूनही शुचि राहूं शकतें, आणि त्यास चोर करणारें दृश्य हात हातांत घेतलेले दाखवूनही ओंगळ होऊं शकतें.

याच तत्त्वाची फोड एका फ्रेंच चित्रपटानें फार सुंदर केली आहे. सेलीन सियामा यांच्या ‘पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर’ या २०१९ च्या चित्रपटांत अठराव्या शतकांतील एक चित्रकर्ती आहे. लग्न ठरत असलेल्या एका मुलीचें चित्र तिच्या नकळत काढण्यासाठीं तिला नेमलेलें असतें, कारण ती मुलगी चित्रासाठीं बसण्यास तयार नसते. चोरून पाहून काढलेलें पहिलें चित्र निर्जीव होतें, आणि चित्रकर्तीच तें पुसून टाकते. पुढें ती मुलगी आपण होऊन समोर बसते. तेव्हां तिच्या ध्यानीं येतें कीं, ज्या वेळीं आपल्याकडे पाहिलें जात असतें त्याच वेळीं आपणही पाहणारीकडे पाहात असतों. या समतेंतून दोघींचें प्रेम फुलतें, आणि चित्रही जिवंत होतें. याच्या उलट, २०१३ सालीं कान येथें सर्वोच्च पारितोषिक मिळविलेल्या ‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’ या चित्रपटांत दोन तरुणींच्या प्रणयाचीं प्रदीर्घ दृश्यें आहेत. त्यांत भूमिका करणाऱ्या दोघींनीं चित्रणाच्या वेळीं झालेला त्रास पुढें बोलून दाखविला. आणि ज्या चित्रकथेवरून तो बेतला होता तिच्या रचनाकारांनीं, स्वतः त्याच प्रवृत्तीच्या असून, तीं दृश्यें आपणांस खरीं वाटलीं नाहींत असें सांगितलें. म्हणजे संमति ही केवळ कथेंतील पात्रांची पुरेशी नाहीं. तीं पात्रें ज्यांनीं आपल्या देहानें उभीं करावयाचीं त्यांचीही ती हवी. अशा दृश्यांच्या वेळीं नटनटींच्या मर्यादा सांभाळण्यासाठीं स्वतंत्र व्यक्ति नेमण्याची जी प्रथा अलीकडे सुरू झाली आहे, ती आम्हांस म्हणूनच स्वागतार्ह वाटते.

एवढ्यावर थांबतां आलें असतें तर बरें झालें असतें. परंतु येथें एक शंका आम्हांस स्वतःसच सतावते, आणि ती लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ‘अलीगढ’च्या संयमाची आम्हीं एवढी वाखाणणी केली, ती त्यानें त्या प्राध्यापकांस सांभाळलें म्हणून, कीं आम्हांस सांभाळलें म्हणून? एकाकी, वृद्ध, गाण्यांत रमलेला, अखेर मृत्यु पावणारा मनुष्य आमच्या करुणेस सोईचा असतो. तोच मनुष्य तरुण असता, सुखी असता, आपल्या जोडीदाराच्या खांद्यावर हात टाकून बाजारांतून भाजी घेऊन येत असता, तर आमचें हृदय असेंच द्रवलें असतें काय? संयम हा कलेचा गुण खरा. पण एका प्रकारच्या प्रेमिकांकडूनच तो मागावयाचा आणि दुसऱ्यांस मोकळीक द्यावयाची, तर त्यास पक्षपात म्हणावें लागेल.

दीपा मेहता यांच्या ‘फायर’ या चित्रपटाचें उदाहरण या दृष्टीनें विचार करण्याजोगें आहे. १९९६ चा हा चित्रपट परीक्षण मंडळाच्या संमतीनें नोव्हेंबर १९९८ मध्यें आपल्याकडे लागला. डिसेंबरच्या आरंभीं मुंबईंत व दिल्लींत चित्रगृहांवर हल्ले झाले, चित्रपट पुनः परीक्षणास धाडला गेला, आणि १९९९ सालीं पुनः संमत झाला. एका एकत्र कुटुंबांतील दोन जावांचें प्रेम हा त्याचा विषय. प्रक्षोभ झाला तो शय्येवरील कांहीं क्षणांवरून. परंतु त्या चित्रपटांतील आमच्या मतें सर्वांत धीट दृश्य निराळेंच आहे. सारें कुटुंब सहलीस गेलेलें असतें. धाकटी जाऊ थोरलीचे पाय आपल्या हातांत घेऊन चेपूं लागते, सर्वांच्या देखत. आणि घरांतील कर्त्या पुरुषास त्यांत आपल्या कुटुंबाचा चांगुलपणा दिसतो! केसांस तेल लावणें, पाय चेपणें, बांगड्या बदलणें, या गोष्टी आमच्या कोणत्या घरांत होत नाहींत? त्याच स्पर्शांत केवढें प्रेम सांठलेलें असूं शकतें, हें तेथें आम्हांस दाखविलें गेलें. शय्येचें दृश्य जरी वगळलें असतें, तरी हा प्रसंग राहिलाच असता. आम्हांस वाटतें, हल्लेखोरांस जें सोसलें नाहीं तें हेंच, कीं हें प्रेम परदेशांतून आणलेलें न दिसतां आपल्याच ओसरीवर बसलेलें दिसलें.

उरला मुलांचा आक्षेप. मुलांच्या मनावर परिणाम होतो, हें अगदीं खरें. आमच्या परिचयांतील एका गृहस्थांनीं आम्हांस आपल्या लहानपणची एक गोष्ट सांगितली. ‘फायर’वरून गदारोळ चालला होता तेव्हां ते शाळेंत जात होते. चित्रपट त्यांनीं पाहिला नव्हता, आणि पाहण्याचें वयही नव्हतें. रात्रीं जेवतांना वडील वर्तमानपत्रांतील बातमी वाचून एक वाक्य बोलले. तें वाक्य येथें लिहिण्याचें कारण नाहीं. वडील प्रेमळ होते, आणि समोर बसलेल्या कोणास तें लागेल हें त्यांच्या स्वप्नींही नव्हतें. मुलानें मान खालीं घालून भात संपविला. पुढें वीस वर्षें त्यानें घरांत स्वतःविषयीं एक शब्द काढला नाहीं. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा प्रेमावरील गुन्ह्याचा शिक्का पुसला, तेव्हां वडील हयात नव्हते. त्या दिवशीं त्यानें आईस सांगितलें. आई म्हणाली, ‘मला ठाऊक होतें, तूं सांगशील म्हणून थांबलें होतें.’

ही गोष्ट ऐकल्यापासून बैठकीच्या खोलींतील त्या दुसऱ्या शांततेचें आम्हांस भय वाटूं लागलें आहे. मुलांच्या मनावर जो परिणाम होतो तो पडद्यावरील दोन क्षणांच्या दृश्यापेक्षां, तें दृश्य पाहतांना वडीलधाऱ्यांचे चेहरे कसे होतात यावरून अधिक होतो. त्या खोलींत एखादें माणूस असें असूं शकतें, कीं जें पडद्याकडे पाहातच नसतें. तें आपल्या तोंडाकडे पाहात असतें. आपल्याविषयीं या घरांत काय बोललें जाईल, याचा अंदाज तें त्या वेळीं घेत असतें.

म्हणून पडद्यावरील अशा जवळिकीविषयीं आमचें मागणें साधें आहे. दिग्दर्शकानें दार ठोठावूनच आंत जावें आणि आम्हांस पाहुणे म्हणून न्यावें. चोर म्हणून नेईल तर प्रेमिक कोणीही असोत, आम्ही त्याचा निषेध करूं. आणि पाहणारांनीं, संकोच वाटलाच तर, तो नायक-नायिकांच्या वेळीं वाटतो तेवढाच वाटूं द्यावा. आजोबांनीं चष्मा पुसावा, आईनें दूध पाहून यावें, आणि दृश्य संपल्यावर सर्वांनीं पूर्ववत् बोलावें. तेवढी सामान्य शांतता जरी आपण देऊं शकलों, तरी त्या खोलींतील एखादें माणूस मान वर करून जेवेल.